जुन्या जीपची ऑइलची गाळणी : बदलावी की राहू द्यावी?

खेड्यात वस्तू सहसा टाकून देत नाहीत. फाळ झिजला तर लोहार त्याला नवे टोक जोडून देतो. गोधडी विरली तर तिच्यावर आणखी एक थर चढतो. जुन्या जीपचेही तसेच आहे. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली पेट्रोलची जीप अजून कितीतरी गोठ्यांशेजारी उभी दिसते. कुणी ती आठवड्याच्या बाजाराला काढतो, कुणी दसऱ्याला हार घालून गावातून एक फेरी मारतो. गाडी जुनी झाली तरी तिच्यावरचा जीव कमी होत नाही.

मात्र अशा गाडीची एक अडचण हटकून निघते. तिच्या ऑइल फिल्टरच्या डब्यात बसणारा आतला गठ्ठा दुकानात सहज मिळत नाही. मग मिस्तरी म्हणतो, "दादा, हा जुना डबा काढून टाकू. नव्या गाड्यांना असतो तसा फिरवून बसवायचा फिल्टर लावू. अर्ध्या तासाचे काम आहे." काम अर्ध्या तासाचे असते हे खरे, पण ते समजून केले नाही तर पन्नास वर्षे चाललेले इंजिन एका उन्हाळ्यात बसू शकते. म्हणून पाना हातात घेण्याआधी ही गाळणी काय करते ते नीट पाहू.

ऑइलचे काम आणि घाणीची वाट

इंजिनातले ऑइल केवळ वंगण नव्हे. ते क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये पातळ पडदा धरते, पिस्टनची उष्णता वाहून नेते आणि झिजलेल्या धातूचा कीस, काजळी, धूळ आपल्या पोटात घेते. हा पडदा इतका पातळ असतो की डोळ्याला न दिसणारा कणही बेअरिंगच्या मऊ धातूवर चरा पाडतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सत्तर भाग. बेअरिंगला इजा करणारे कण याहून कितीतरी बारीक असतात.

मोटारी नव्या होत्या तेव्हा फिल्टर नव्हताच. चेंबरमध्ये तारेची जाळी असे आणि ऑइल वारंवार बदलावे लागे. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर तयार केला. त्याचे नाव ठेवले 'प्युरोलेटर'. 'प्युअर ऑइल लेटर', म्हणजे 'पुढे शुद्ध तेल', या शब्दांवरून ते जुळवलेले आहे. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत असा फिल्टर बसून आला आणि हळूहळू तो सगळीकडे पसरला.

गाळण्याच्या दोन रीती

आता मुख्य मुद्दा. इंजिनात ऑइल गाळण्याच्या दोन वेगळ्या रीती आहेत. घरातल्या पाण्यावरून त्या चटकन कळतील.

पहिली रीत अशी. रांजणात पाणी भरलेले आहे. घरातली माणसे त्यातूनच पितात. पण कुणीतरी दर थोड्या वेळाने एक तांब्या काढून फडक्यातून गाळते आणि पुन्हा रांजणात ओतते. एका वेळी थोडेच पाणी गाळले जाते. पण दिवसभर हे चालू राहिले तर रांजण नितळ होतो. हिला बायपास रीत म्हणतात. पंपाने उचललेले बहुतेक ऑइल सरळ बेअरिंगकडे जाते. एक लहान हिस्सा, सुमारे दहावा भाग, बारीक वाटेने फिल्टरमध्ये जातो व गाळून चेंबरमध्ये परत पडतो.

दुसरी रीत म्हणजे नळाच्या तोंडालाच फडके बांधणे. येईल ते सगळे पाणी गाळूनच येणार. हिला फुल-फ्लो म्हणतात. हल्लीच्या मोटारी व ट्रॅक्टर यांत बहुधा हीच रीत असते.

दोन्हींचे गुणदोष समजून घ्या. बायपास फिल्टरला घाई नसते. त्यातून ऑइल सावकाश जात असल्याने तो फार बारीक घाण धरू शकतो. शिवाय तो पुरता तुंबला तरी इंजिनाला ऑइल मिळतच राहते. फक्त गाळणे थांबते. फुल-फ्लोमध्ये प्रत्येक थेंब गाळूनच बेअरिंगला पोचतो, पण फडके तुंबले तर नळच बंद होईल. म्हणून त्या व्यवस्थेत सुटकेची झडप ठेवावी लागते. फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट असले की ती झडप उघडते आणि न गाळलेले का होईना, ऑइल पुढे जाते. बेअरिंगला मळके ऑइल परवडते, कोरडे राहणे परवडत नाही.

आपल्या जीपमध्ये काय असते?

विलीज जीप आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आली. १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हा उंच बॉनेटचा प्रकार आपल्या रस्त्यांवर रुळला. त्याचे बॉनेट उंच का, यालाही कारण आहे. आधीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. नव्या 'हरिकेन' इंजिनात आत घेण्याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्याला झाकायला बॉनेटही उंच करावे लागले. दोन्ही इंजिने २.२ लिटरची आणि चार सिलिंडरची.

या इंजिनांना जोडून येणारा ऑइलचा डबा बायपास रीतीचा आहे. ब्लॉकमधून एक नळी डब्यात जाते, दुसरी डब्यातून परत येते. चेंबरमध्ये ऑइल साधारण चार लिटर मावते आणि फिल्टरसह पाच लिटरच्या आत. आणखी एक सोय या इंजिनात आहे. पंपाचे तोंड तरंगत्या गाळणीला जोडलेले असते. ती ऑइलच्या वरच्या थरातून ओढते, त्यामुळे तळाशी बसलेला गाळ सहसा वर येत नाही. विहिरीत फुटबॉल तळाला टेकवून न ठेवता पाण्यात अधांतरी ठेवतात, तसेच हे.

म्हणजे जीपची व्यवस्था जुनी असली तरी अडाणी नाही. ती त्या इंजिनाच्या पंपाला आणि चालीला बेतून केलेली आहे.

हरवते ते दीड मिलिमीटरचे छिद्र

बायपास रीतीत एका गोष्टीवर सगळे अवलंबून असते. फिल्टरच्या वाटेवर मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेले असते, साधारण दीड मिलिमीटरचे. त्यातून जाईल तेवढेच ऑइल फिल्टरकडे वळते. बाकीचा दाब बेअरिंगसाठी शिल्लक राहतो.

हे छिद्र बहुधा जुन्या डब्याच्या आतल्या मधल्या नळीत असते. मिस्तरीने डबा काढला आणि दोन्ही नळ्या नव्या फिल्टरच्या बैठकीला जोडल्या की डब्याबरोबर छिद्रही भंगारात जाते. मग काय होते? पाटाचे दार अर्धवट उघडायचे, ते कुणी पुरते उघडून ठेवले तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. तसेच ऑइल मोठ्या वाटेने फिल्टरकडे धावते आणि चेंबरमध्ये परत पडते. मीटरवरचा दाब उतरतो. गाडी थंड असताना ऑइल घट्ट असते म्हणून फारसे जाणवत नाही. घाट चढून इंजिन तापले, ऑइल पातळ झाले आणि गाडी सावकाश चालू राहिली की काटा खाली येतो. बेअरिंग कोरडे पडते आणि खालून ठोके ऐकू येऊ लागतात.

उपाय साधा आहे. नवा फिल्टर लावायचाच असेल तर लेथवाल्याकडून पितळेचा लहान अडसर करून घ्यावा, त्यात दीड मिलिमीटरच्या आसपास छिद्र पाडून तो नळीच्या जोडात बसवावा. जुना डबा हाताशी असेल तर त्यातले छिद्र मोजून तेवढेच ठेवावे. हा अडसर फिल्टरमधून परत येणाऱ्या वाटेवर बसवला तर त्यातून गाळलेले ऑइल जाते आणि ते बुजण्याची भीती कमी राहते.

काम झाल्यावर दोन तपासण्या कराव्यात. काम करण्यापूर्वी गाडी पुरती तापवून, मंद चालीवर आणि जोरात, मीटरचा काटा कुठे असतो ते लिहून ठेवलेले असावे. नंतर पुन्हा तसेच पाहावे. आकडे जवळपास सारखेच आले पाहिजेत. दुसरी तपासणी हाताची. वीस मिनिटे गाडी चालल्यावर फिल्टरला जपून हात लावून पाहावा. तो चांगला गरम लागला तर ऑइल फिरते आहे. गारच असेल तर वाट कुठेतरी बंद आहे.

'सगळेच ऑइल गाळू' हा हट्ट

काही जण पुढची पायरी सुचवतात. ब्लॉकमधली मूळ वाट बुजवायची, आटे पाडायचे, सगळे ऑइल बाहेर काढून फिल्टरमधून फिरवायचे आणि पुन्हा आत सोडायचे. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटल मोटारीला जगभर हौशी लोक असे करतात, आणि त्याला सबळ कारण आहे. त्या मागे इंजिन असलेल्या, हवेने थंड होणाऱ्या मोटारीत ऑइल अवघे अडीच लिटर आणि फिल्टर मुळीच नाही, फक्त तारेची जाळी. तिथे पंपाच्या झाकणातून ऑइल बाहेर काढून, ब्लॉकला भोक पाडून, फुल-फ्लो फिल्टर जोडतात. पण हे काम इंजिन पूर्ण खोललेले असतानाच करतात. भोक पाडताना निघालेला कीस आत राहिला तर ज्या घाणीसाठी फिल्टर लावायचा, तीच घाण आपण आपल्या हाताने बेअरिंगमध्ये भरली असे होते.

जीपला फिल्टर आधीच आहे. तिचा ब्लॉक पोखरून मिळणारा लाभ थोडा आणि धोका मोठा. बाहेरची नळी फुटली तर बायपासमध्येही ऑइल सांडतेच, पण फुल-फ्लोमध्ये बेअरिंगला ऑइल नेणारी वाटच तुटते. चालकाला कळेपर्यंत इंजिन जाम झालेले असते. म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे. जीप बायपासच राहू द्यावी, ऑइल वेळेवर बदलावे, आणि फिल्टरचा प्रकार बदलायचा तर छिद्र सांभाळून बदलावा.

अँबॅसडरची गोष्ट वेगळी

कारखान्याच्या अध्यक्षांपासून तालुक्याच्या टॅक्सीपर्यंत सगळ्यांनी वापरलेली अँबॅसडर पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत होती. तिचे जुने १,४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या 'बी' मालिकेतले. त्याचा फिल्टर फुल-फ्लो आहे. मधल्या लांब बोल्टने आवळलेला पत्र्याचा डबा आणि आत कागदाचा गठ्ठा, अशी त्याची रचना.

इथे वरची बैठक बदलून फिरकीचा फिल्टर लावणे तुलनेने सोपे आहे. ऑइल आधीच सगळे गाळले जाते. आपण फक्त डब्याचा प्रकार बदलतो. मात्र जीपच्या उलट इथे वाटेवर कोणताही अडसर घालायचा नसतो. जीपचा उपाय अँबॅसडरला केला तर बेअरिंगची उपासमार होईल. इथे पाहायचे ते सुटकेच्या झडपेकडे. ती नव्या बैठकीत किंवा नव्या फिल्टरमध्ये, कुठेतरी असलीच पाहिजे. फिल्टर आडवा किंवा उलटा बसणार असेल तर आत रबरी पडद्याची झडप असलेला घ्यावा. नाही तर रात्रभरात त्यातले ऑइल खाली उतरते आणि सकाळी सुरू करताना इंजिन क्षणभर कोरडे खडखडते.

जुना डबाच ठेवायचा असेल तर एक खबरदारी घ्यावी. वरच्या खाचेत रबरी रिंग बसते. जुनी रिंग कडक होऊन खाचेलाच चिकटते आणि काळ्या घाणीत दिसत नाही. तिच्यावर नवी बसवली तर डबा नीट बसत नाही आणि दाब चढताच ऑइलची चिळकांडी उडते. सुईच्या टोकाने जुनी रिंग काढून, खाच पुसून मगच नवी घालावी.

आटे, रबर आणि नळी

फिरकीचे फिल्टर बाहेरून सारखे दिसतात, पण आतले आटे वेगळे असतात. पाऊण इंची आटे आणि २० मिलिमीटरचे आटे यांत डोळ्याला फरक कळत नाही. पाऊण इंची खुंटीवर २० मिलिमीटरचा फिल्टर सैलसर चढतो, आवळल्यासारखाही वाटतो, आणि दाब आल्यावर निसटून येतो. दुकानदाराने "हाच बसेल" म्हटले म्हणून घेऊ नये. आपल्या बैठकीचे माप सांगून घ्यावा आणि पुढे दर वेळी तोच क्रमांक मागावा.

बसवताना फिल्टरच्या रबराला बोटाने स्वच्छ ऑइल लावावे. जुने रबर बैठकीला चिकटून राहिले नाही ना ते पाहावे. रबर टेकल्यावर हाताने आणखी पाऊण फेरा पुरे. पान्याने करकचून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही.

नळी ऑइलची आणि दाबाची हवी. पेट्रोलची किंवा फवारणी पंपाची नळी तात्पुरती चालेल असे म्हणू नये. गरम ऑइलने साधे रबर फुगते आणि फुटते. नळी धुराच्या नळकांड्याला घासत असेल तर आगीची भीती असते. तिला पत्र्याच्या चिमट्याने धरून दूर ठेवावे.

पहिल्यांदा सुरू करताना कॉइलची तार काढून ठेवावी आणि काटा हलेपर्यंत स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवावे. मग तार जोडून गाडी सुरू करावी, गळती पाहावी, बंद करून पाच मिनिटांनी पट्टीवर पातळी तपासावी. नव्या फिल्टरने आपल्या पोटात ऑइल घेतलेले असते, तेवढे भरावे. पन्नासएक किलोमीटर चालल्यावर सगळे जोड पुन्हा एकदा पाहावेत.

आणखी एक गोष्ट. वर्षानुवर्षे न उघडलेल्या इंजिनाच्या तळाशी गाळाचा थर असतो. आजच्या ऑइलमध्ये घाण धुऊन काढणारी द्रव्ये असतात. ते पहिल्यांदा भरल्यावर हा थर सुटू लागतो आणि फिल्टर लवकर तुंबतो. म्हणून पहिली बदली लवकर करावी. जमल्यास चेंबर उतरवून गाळ आणि तरंगती गाळणी साफ करून घ्यावी. नुसता फिल्टर बदलण्यापेक्षा याचा गुण मोठा.

काळे ऑइल कुठे जाते?

फिल्टर बदलला की चार लिटर काळे ऑइल उरते. ते बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. थोडेसे ऑइलही पाण्यावर दूरवर पसरते आणि मातीत मुरले तर लवकर निघत नाही. काही ठिकाणी जनावरांच्या खरजेवर काळे ऑइल चोळतात. हे करू नये. त्यात धातूचा कीस आणि जळालेल्या इंधनाची विषारी द्रव्ये असतात. जनावर अंग चाटते, तेव्हा ती पोटात जातात. खरजेचे औषध जनावरांच्या दवाखान्यात मिळते. माणसाच्या कातडीलाही हे ऑइल वाईटच. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. कायद्यानेही वापरलेले ऑइल घातक टाकाऊ पदार्थ ठरते. झाकणाच्या डब्यात साठवून, ते परवानाधारक पुनर्शुद्धीकरणाकडे पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे. जुना फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्यावा.

जुना डबा जपून ठेवा

शेवटी एक कागदाची गोष्ट. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार न करता मूळ स्वरूपात जपलेली गाडी त्यात बसते. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. बाहेरून जोडलेला फिल्टर पुन्हा काढता येतो. पोखरलेला ब्लॉक पूर्ववत होत नाही. म्हणून जुना डबा, त्याचा पट्टा, नळ्या आणि नट भंगारवाल्याला न देता पोत्यात बांधून माळ्यावर ठेवावे.

घरात शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर गाडीची वही तिच्याकडे सोपवावी. ऑइल कधी बदलले, फिल्टरचा क्रमांक काय, तापलेल्या इंजिनाचा दाब किती, एवढे तीन रकाने पुरेत. दाब दर खेपेला थोडा थोडा उतरतो आहे हे मिस्तरीच्या कानाआधी त्या वहीत दिसेल. तेव्हा बेअरिंग बदलून काम भागते. ठोके ऐकू आल्यावर क्रँकच घासायला न्यावा लागतो.